चांदणीची पिल्लं

"पोरं कुणावर जातील, हे आधी कळायची काही सोय नाही का गं?"

सासूबाई फोनवर विचारत होत्या. पलीकडे त्यांची साताऱ्याची बहीण.

"मुलगी वाईट नाही. गप्प असते, कामाला बरी आहे. पण रंग... तू लग्नात बघितलासच की. मकरंदाच्या शेजारी उभी राहिली की फोटोवाल्यालाच पंचाईत. पोरं आमच्यावर गेली म्हणजे सुटले बाई. नाहीतर पिढीच डागाळली समज."

रेवा स्वयंपाकघराच्या दाराबाहेर उभी होती. ती चोरून ऐकायला आली नव्हती. तिच्याकडे सांगायला एक वाक्य होतं, सकाळी उठल्यापासून मनात जुळवलेलं. आई, मला वाटतं, मला दिवस गेलेत.

ते वाक्य तिने गिळलं. अलीकडे तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. हे मात्र ठरलं.

पावलं न वाजवता ती मागे फिरली आणि शेडमध्ये गेली.

शेडमध्ये पूर्वी माग चालायचे. इचलकरंजीत चारी बाजूंना अजून चालतात. यांचे मात्र सासऱ्यांबरोबर गेले. जिथे माग होते तिथे मकरंदने काचेच्या टाक्या मांडल्या होत्या, आणि टाक्यांत डिस्कस. सिक्लिड कुळातला, भाकरीसारखा गोल आणि चपटा मासा.

लोक तांबडे वाढवतात, निळे वाढवतात, ठिपक्यांचे वाढवतात. मकरंदला पांढरा हवा होता. नुसता पांढरा नव्हे. डोळ्यावर रेघ नको, कल्ल्यापाशी सावली नको, शेपटीला काळी किनार नको. दुधात बुडवून काढल्यासारखा.

बरीच वर्षं तो त्याच्या मागे होता. बहिणीला भाऊ, बापाला लेक, अशा जोड्या लावत लावत शेवटी एक पांढरीफेक जोडी निघाली. मादीचं नाव त्याने चांदणी ठेवलं. नराला नाव द्यायचं राहून गेलं.

वाटेत ज्या पिल्लांवर तीळभर काळं दिसलं, ती जाळीत भरून ऑस्करला. ऑस्कर म्हणजे कोपऱ्यातल्या टाकीतला आडदांड मासा. समोर येईल ते खातो. मकरंद याला छाटणी म्हणायचा.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्याने रेवाला कौतुकाने छाटणी दाखवली होती.

"एक डाग ठेवला की पुढची सगळी पिढी बिघडते," तो म्हणाला होता.

रेवा ऑस्करकडे बघत होती. ऑस्कर रेवाकडे बघत होता.

त्याआधी, मांडवात, तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची वेळ आली तेव्हा मकरंदने 'शुभ्रा' लिहिलं. माहेरच्या बायकांनी एकमेकींकडे बघितलं. रेवाने मान खाली घातली. लाजली, असं सगळ्यांना वाटलं.

त्याच मांडवात मिरजेचे दस्तगीर उस्ताद आले होते. मकरंद त्यांच्याकडे राहूनच मासे शिकलेला. उस्तादांची एक रीत होती. शागिर्दाच्या लग्नात ते डिस्कसची जोडी आहेर करायचे, पण नवऱ्यामुलाच्या हातात कधी देत नसत. पाण्याने फुगलेली पिशवी त्यांनी रेवाच्या ओंजळीत ठेवली. आत दोन मासे. मातकट, काळपट. ना रंग, ना चमक.

"ही तुझी," ते म्हणाले. "याची नव्हे."

"शुभकार्यात हे काय काळं काळं," सासूबाई पुटपुटल्या.

मकरंदचे कान लाल झाले. उस्तादांनी चारचौघांत आपल्याला टोमणा मारला, असं त्याने धरून ठेवलं. घरी आल्यावर ती जोडी शेडच्या पार टोकाला, नळाशेजारच्या टाकीत गेली. तिला खायला घालायचं काम आपोआप रेवाकडे आलं. त्या आहेराची पुढे कुणी चौकशी केली नाही.

आणि आता चांदणीची पिल्लं मरत होती.

हे पहिल्यांदा होत नव्हतं. अंडी पडायची, फुटायची, पिल्लं पोहायला लागायची... आणि दोन-तीन दिवसांत तळाशी. डिस्कसचं एक निराळं आहे. त्याची पिल्लं सुरुवातीला बाहेरचं काही खात नाहीत. आईबापांच्या अंगावर साय धरते, तीच खातात. बाळासारखी अंगावर पितात म्हटलं तरी चालेल. आणि चांदणीची पिल्लं पीतच नव्हती.

जोडी आता थकली होती. पुन्हा अंडी धरेल याची खात्री नव्हती. ही पिल्लं गेली की चांदणी संपली, आणि दिवाळीनंतरच्या कोल्हापूरच्या प्रदर्शनात पांढरा डिस्कस आणतो म्हणून मकरंद सगळीकडे सांगून बसला होता. म्हणून आज तो मान खाली घालून उस्तादांना आणायला मिरजेला गेला होता. मान त्याने मोटारसायकल सुरू केल्यावर लगेच वर केली, पण गेला होता.

रेवा चांदणीच्या टाकीसमोर उकिडवी बसली.

चांदणी काचेपाशी स्थिर उभी होती. अंगावर साय दाटलेली. तिच्याजवळ कुणी नव्हतं. पिल्लं सगळी कोपऱ्यात, पाणी गाळायच्या काळ्या स्पंजाला लगडलेली. त्यालाच चोखत होती. स्पंज बुडबुडे सोडत होता. त्याच्याकडे देण्यासारखं तेवढंच होतं.

टोकाच्या टाकीत काळ्या जोडीलाही पिल्लं झाली होती. हे घरात फक्त रेवाला माहीत होतं. पिल्लं झाल्यापासून ती जोडी आणखी काळी पडली होती, चुलीवरच्या तव्यासारखी. आणि पिल्लं त्या अंगाला मोहरीसारखी चिकटून पीत होती. नर थकला की मादी पुढे व्हायची, मादी थकली की नर.

रेवाने एकदा तिकडे बघितलं, एकदा इकडे.

विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. म्हणून तिने कुणाला विचारलं नाही.

ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई अजून फोनवर होत्या. विषय आता भिशीवर आला होता. रेवाने पळी घेतली, डबा घेतला. स्पंजाला लागलेली पिल्लं पळीपळीने अलगद उचलली, डब्यात दोन्ही टाक्यांचं पाणी मिसळलं, आणि पिल्लं काळ्या जोडीच्या अंगाशी सोडली.

पिल्लांनी विचारलं नाही, ही कोण. जोडीनेही विचारलं नाही, ही कुणाची.

स्पंजाच्या मागच्या बाजूला अडकलेली थोडी राहिली होती. तेवढ्यात दारात मोटारसायकल वाजली.

"उस्ताद, काय चुकतंय माझं?"

दस्तगीर उस्ताद स्टुलावर बसले. टेकत टेकत, गुडघ्यावर हात ठेवून.

"पाणी तुम्ही सांगितलं तसंच ठेवतो. ऊब तेवढीच. खायला कोंबडीचं काळीज, तेही मी स्वतः वाटतो. हिला हल्ली वास सोसत नाही."

उस्तादांनी रेवाकडे एकदा बघितलं. मग टाकीकडे.

"पिल्लं एवढीच?"

"काल टाकीभर होती." मकरंद खाली वाकला. "सकाळपर्यंत होती हो. तुम्हाला आणेपर्यंत गेली की..."

टोकाच्या टाकीकडे रेवाने मुद्दाम बघितलं नाही.

"उस्ताद, एक विचारू? रागावू नका." मकरंद उभा राहिला. "एखादी गोष्ट तुम्ही हातची राखून ठेवली असणार. प्रत्येक उस्ताद ठेवतो. इतकी वर्षं झाली, आता सांगा."

"चहा मिळेल का?" उस्ताद म्हणाले.

चहा सासूबाई स्वतः घेऊन आल्या. कप देऊन दाराशीच थांबल्या. शेडचा ओला वास त्यांना आवडत नसे.

"उस्ताद, तुम्हीच बघा आता," त्या म्हणाल्या. "जेवण सोडलंय यानं. माशांसाठी. आमच्या घरात असलं सुतक कधी कुणी पाळलं नव्हतं."

"आई, तू थांब जरा."

"थांबलेच आहे."

उस्ताद चहा बशीत ओतून प्यायले. सावकाश. शेजारच्या शेडचे माग खडखडत होते.

"छाटणी करतोस?"

"नेमाने." मकरंदची मान पुन्हा वर आली. "त्यात तुमच्या पुढे गेलोय म्हटलं तरी चालेल. तुम्ही थोडंफार सोडून द्यायचात. मी नाही सोडत. हे सगळं शेड धुंडाळा उस्ताद, काळा मासा सापडायचा नाही."

"सापडायचा नाही?"

"एकसुद्धा नाही."

टोकाची टाकी त्याला आठवली नाही. ती त्याच्या हिशेबात कधी नव्हतीच.

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

"पोरी, नाव काय तुझं?"

"शुभ्रा," सासूबाईंनी दारातून सांगितलं.

"हिला विचारलं."

"रेवा."

"रेवा, तो स्पंज बाहेर काढ. आणि हात घाल पाण्यात."

"उस्ताद, हाताला साबण असेल," मकरंद म्हणाला. "हळद असेल, तेल असेल. उरलीसुरली पण जातील."

"घाल पोरी."

रेवाने हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवल्या. स्पंज उचलून बाहेर ठेवला. हात पाण्यात घातला आणि तसाच धरला.

आधी काही झालं नाही. पिल्लं सैरावैरा फिरली, काचेवर आपटली. चांदणीच्या अगदी अंगावरून पलीकडे गेली.

मग एक आलं. मनगटाला लागलं.

मग उरलेली सगळी. बोटांच्या बेचक्यात, तळहाताच्या मागे, दंडाच्या दिशेने वर. इवल्या तोंडांनी चोखू लागली. गुदगुल्या होत होत्या, आणि थोडं दुखतही होतं. चांदणी तिथेच, वीतभर अंतरावर, भरल्या अंगाने उभी होती.

सासूबाईंनी पदर नीट केला, जो नीटच होता.

"बघितलंस?" उस्ताद म्हणाले.

"काय?"

"अजून बघ."

मकरंदने बघितलं. त्याला हात दिसला.

"हाताचं काय त्यात?" तो म्हणाला.

"पिल्लं झाली की मासा काळा पडतो. तो पिल्लांसाठी पडतो. पाण्यात त्यांना तेवढंच दिसतं. तुझी चांदणी समोर उभी आहे, तिच्या अंगावर सगळं आहे... यांना ती दिसत नाही. तिला काळं पडता येत नाही. ते तू काढून टाकलंस."

मकरंदचं तोंड उघडं राहिलं. मग त्याने ते रागाने भरून काढलं.

"छाटणी तुम्हीच शिकवलीत मला."

"शिकवली."

"मग?"

"थांबायचं कधी, ते तू विचारलं नाहीस."

"मग आता ही कशी जगवू? हिचा हात असाच ठेवायचा का दिवसभर?"

तो चिडून बोलला होता. पण क्षणभर त्याने खरोखरच रेवाकडे अजमावल्यासारखं बघितलं. ते तिने टिपलं.

"हाताला दूध नाही," उस्ताद म्हणाले. "मी दिलेली जोडी कुठंय?"

तेव्हा मकरंदला टोकाची टाकी आठवली. तो अक्षरशः धावला. खाली वाकला, आणि त्याचा चेहरा उजळला. लग्नाच्या दिवशीसुद्धा रेवाने तो इतका उजळलेला बघितला नव्हता.

"उस्ताद, हिला पिल्लं आहेत. पितायत. काय पितायत बघा तरी!"

त्याने भिंतीवरची जाळी काढली.

"कळलं मला. सगळं कळलं. हिची काढून टाकायची आणि आपली उरलीत ती हिच्या अंगाला लावायची. असंच ना? हिची ऑस्करला, आपली हिला."

जाळीची कड पाण्याला लागली. काळी मादी वळून पिल्लांच्या पुढे आली.

"जोडी कुणाची?" उस्तादांनी विचारलं.

जाळी थांबली.

"घरातलीच की."

"मी कुणाच्या हातात दिली होती?"

मकरंदने मागे वळून बघितलं. लग्न झाल्यापासून त्याने रेवाला पुष्कळ समजावून सांगितलं होतं. विचारायची वेळ आज पहिल्यांदा आली होती, आणि तेही त्याला सरळ जमलं नाही.

"काढू ना गं?"

रेवाने पाण्यातल्या हाताखाली डबा धरला. हात डब्यात अलगद हलवला. पिल्लं सुटली, डब्यातल्या पाण्यात फिरू लागली. ती डबा घेऊन टोकाच्या टाकीपाशी आली आणि मकरंदच्या जाळीशेजारून तिने तो आत रिकामा केला.

"अगं, काय करतेस? हिची आधी काढायला हवीत. मिसळतील सगळी."

"मिसळलीत," ती म्हणाली. "तुमची मघाशीच सोडली होती. ही तेवढी राहिली होती."

"म्हणजे... मेली नाहीत?"

"नाहीत."

आधी त्याला आनंद झाला. तो खरा होता, रेवाला तो दिसला, आणि घडीभर तिला त्याची दयाही आली. मग त्याने मोबाइलचा दिवा लावला आणि काचेला नाक लावलं.

आत राखी ठिपके होते. दोन डोळे आणि एक शेपटी. सगळे एकसारखे. सगळे पीत होते.

"यातली माझी कुठली?"

"तू पारखी ना?" उस्ताद म्हणाले. "निवड."

मकरंद बघत राहिला. दिवा काचेवर वर गेला, खाली आला. जाळीतून पाणी ठिबकत राहिलं. कोपऱ्यातल्या टाकीत ऑस्कर वर आला. दिवा आणि जाळी एकत्र दिसली की खायला मिळतं, एवढं तो शिकला होता.

"नाही ओळखू येत," शेवटी मकरंद म्हणाला.

उस्ताद उठले. पायाने चपला शोधू लागले.

"एवढंच सांगायचं होतं का तुम्हाला?" मकरंदने विचारलं. उस्ताद चपला घालत राहिले.

मकरंदने जाळी भिंतीला अडकवली. पाठ सरळ केली. थोड्या वेळाने त्याचा आवाज नेहमीचा झाला.

"हरकत नाही. वाढू देत सगळी. दोन-तीन महिन्यांत रंग येतोच. आला की बसून निवडतो. पांढरी ठेवायची, बाकीची ऑस्करला. तोवर ही काळी पोसेल. फुकटची दाई मिळाली म्हणायचं."

"तेच तर म्हणते मी," सासूबाई दारातून म्हणाल्या. त्यांना हायसं वाटलं होतं. कालपासून न जेवलेला मुलगा आता जेवेल, हे त्यांना दिसत होतं. "आत्तापासून कशाला जीव जाळायचा? रंग दिसला की काळी बाजूला काढायची. त्यात काय एवढं?"

"शुभ्रा, याचं ताट वाढ," त्या पुढे म्हणाल्या. "उस्तादांनाही थोडं विचार."

रेवा हलली नाही. तिच्या हातावर पिल्लांनी चोखलेल्या जागी बारीक चुणचुण होत होती. तिने बांगड्या कोपरावरून खाली मनगटावर आणल्या.

उस्ताद दारापर्यंत गेले होते. सासूबाईंच्या शेजारी ते थांबले. वळले नाहीत.

"रेवा," ते म्हणाले, "जोडी तुझी आहे. तुला काही बोलायचंय?"

माग खडखडत होते. सकाळचं ते वाक्य अजून तिथेच होतं, गिळलं होतं तिथे. तिने ते वर आणलं. थोडं बदललं.

"आई, मला दिवस गेलेत. रंग दिसल्यावर काय करायचं, ते आत्ताच सांगून ठेवा."